बाहीवरचा लाल धागा

“काका आज दुकानाची किल्ली त्याला देणार. तो खरंच माझा भाऊ असेल तर मी स्वतः देईन. पण नसेल तर, माई?”

बोलणारी शिवणकाम करणारी मुलगी. वडील गेल्यापासून दुकान तीच ओढत होती. तान्हेपणी गर्दीत हरवलेला भाऊ परवा काकांबरोबर दारात उभा राहिला होता.

माई खासगी तपास करायच्या. जोडीला निवृत्त फौजदार. त्यांच्या अंगात हिरवा स्वेटर, डोक्यात कायमची घाई.

दार ओढून घेतलेल्या दुकानात काका मांडीवर किल्ली ठेवून बसले होते; शेजारी मुलीची आई आणि भाऊ म्हणवणारा तो पाहुणा.

“पुरावा हवाय? माझ्या भावाला, हिच्या बापाला, लाल-हिरव्यातला फरक कळत नसे. रिळांना खाचा पाडून ओळखायचा. याचंही तेच! ए, लाल रीळ दे बघू.”

पाहुण्याने हिरवं दिलं. आईचे डोळे भरले.

“तुम्हाला रंग नीट दिसतात?” माईंनी मुलीला विचारलं.

“दिसतात.”

“बघा!” काका म्हणाले. “बापाचं ते मुलाकडेच जायचं. मुलीकडे काय येणार, कपाळ?”

“आई, तुमच्या माहेरी कुणाला हा दोष?” माईंनी विचारलं.

“कुणालाच नाही हो.”

“चला माई,” फौजदार उठलेच. “रक्त बोलतंय, आता आपण काय बोलायचं?”

“साहेब, बाहीला लाल धागा चिकटलाय,” पाहुणा अदबीने म्हणाला. फौजदारांनी तो झटकला.

उठता उठता माई पुन्हा बसल्या.

“बसा फौजदार. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बावीस जोड्या बाई-पुरुषांत सारख्याच. त्यांतला गुण आईकडून येवो की बापाकडून, मुलाला मिळो की मुलीला, भेदभाव नाही. तेविसावी जोडी मात्र लिंग ठरवते. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स नि एक वाय. बाप वाय देतो म्हणून तर मुलगा होतो. आणि रंगांचा हा दोष बसलेला असतो एक्सवर.”

फौजदार डोकं खाजवू लागले. “म्हणजे बापाकडून मुलाला...”

“येतच नाही. आला तर आईकडून.”

“मग आईकडून आला असेल, लपून!” काका उसळले.

“असेलही. म्हणूनच मी गप्प होते. पण हिरव्या बाहीवरचा धागा ज्याला लाल दिसला, त्याला लाल रीळ सापडू नये?”

पाहुण्याचा चेहरा पडला. “काकांनीच शिकवलं. म्हणाले, बापाचा दोष दाखव, मग कुणी काही विचारणार नाही.”

काका भिंतीकडे बघू लागले.

“मग माझा मुलगा?” आईने हळूच विचारलं.

“येईल तेव्हा त्याला रंग बहुधा नीटच दिसतील. तेवढ्यावरून त्याला परत पाठवू नका.”

“आणि बाबांचं ते?” मुलगी म्हणाली.

“तुमच्याकडे आहे. बापाचा एकुलता एक एक्स मुलीलाच मिळतो. आईच्या धडधाकट एक्सने दोष झाकलाय, इतकंच.”

आई उठली. काकांच्या मांडीवरची किल्ली तिने उचलली आणि लेकीच्या मुठीत दाबली.

“घे. आणि दार उघड आधी. गिऱ्हाइकं खोळंबलीत.”