बोटं उमटेपर्यंत

"अहो, दाबू नका. नुसती ठेवा."

"नुसतीच ठेवलीत की!"

व्हिसा केंद्रातल्या त्या काचेच्या चौकटीवर बिट्टीनं पुन्हा चार बोटं टेकवली, आणि मशीननं पुन्हा लाल दिवा दाखवला. पलीकडे बसलेला ठसे घेणारा तरुण ओठ दाबून हसत होता. मेल्याला हसायला काय जातंय! सीमेपलीकडच्या देशात, कृत्रिम पायांच्या एका मोठ्या कार्यशाळेत तिला नोकरी लागली होती. महिनाअखेरीपर्यंत कामाचा व्हिसा हातात पडला नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि इथे तिचीच बोटं तिच्यावर उलटली होती.

"द्या बघू हात." त्यानं ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसलं, उजेडात धरलं… आणि त्याचं हसू मावळलं. "अहो, इथे धड एक रेघ नाही! करता काय तुम्ही — चोऱ्या?"

"पाय करते."

"…कुणाचे?"

तिला खुदकन हसू फुटलं. मग तिनं सांगितलं. प्लास्टरचा साचा पॉलिशपेपरनं घासायचा आणि उघड्या बोटांनी चाचपत राहायचं. हातमोजे घातले की बारीकसा उंचवटा कळत नाही, आणि तोच पुढे माणसाला पावलोपावली टोचतो. इतकी वर्षं साच्यांबरोबर तिची बोटंही घासली गेली होती.

"मग आता थोडे दिवस कामाला सुट्टी. झोपताना क्रीम लावा. रेघा परत येतात," तो म्हणाला. हात मात्र अजून त्याच्याच हातात होता. दोघांच्या ते एकदमच लक्षात आलं, आणि दोघांनी तो एकदमच सोडला.

"ठसेवाले असं म्हणाले, ठसेवाले तसं म्हणाले," घरी वहिनीनं तिची नक्कल केली. "व्हिसा काढायला गेली होतीस ना गं, की दुसरंच काही?"

"वहिनी, पुरे हं!" बिट्टी म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

पण कामाशिवाय स्वस्थ बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती काम करायची त्या इथल्या छोट्या कार्यशाळेत एका पोस्टमनचा कृत्रिम पाय अर्धवट राहिला होता. कार्यशाळा चालवणाऱ्या काकांची नजर अधू झालेली, घासकाम करायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं घासलं. पुढच्या खेपेला मशीन पुन्हा लाल!

"काम केलंत ना?" तो चिडलाच.

"थोडंसं…"

"थोडंसं! तुम्हाला जायचंय की नाही?"

"जायचंय हो!" तिचा आवाज भरून आला. "तिकडे लहान मुलांचे पाय करतात, मूल वाढेल तसे वाढवता येणारे. मला ते शिकायचंय. पण हा माणूस रोज कुबड्या घेऊन येतो आणि बाकावर बसून राहतो. त्याला काय सांगू — थांबा, माझ्या बोटांना रेघा येताहेत?"

संध्याकाळी तो बाह्या सरसावून कार्यशाळेच्या दारात हजर!

"कुठे घासायचं ते सांगा. तुम्ही बोट लावायचं नाही."

मग रोजच येऊ लागला. "अहो, पाय आहे तो, कढई नव्हे!" ती ओरडायची. "हळू… गुडघ्याखाली… हां, अस्सं." हाताची मागची बाजू साच्यावर फिरवून ती तपासायची, आणि तो श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. त्याच्या केसांत, भुवयांवर प्लास्टरची पांढरी धूळ.

"म्हातारे झालात की!"

"शोभतंय ना पण?"

शोभत होतं. फार शोभत होतं. पण हे तोंडावर कसं सांगायचं?

पाय तयार झाला. पोस्टमन खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला, परत आला, आणि काकांनी पुढे केलेली खुर्ची त्यानं हातानंच बाजूला सारली. "नको, बसून बसून जीव विटलाय."

बिट्टी शेवटचा प्रयत्न म्हणून केंद्रावर गेली, तर दारातच गोंधळ. हजेरीचं मशीन ठसेवाल्याचा अंगठाच घेईना!

"अहो, मीच आहे मी! रोज भेटतो आपण!"

"मशीन म्हणतंय तुम्ही नाही," रखवालदार ठाम होता. रांगेतली सगळी माणसं हसत होती. बिट्टीला मात्र हसू येईना. साचे घासून गुळगुळीत झालेल्या त्याच्या बोटांकडे ती बघत राहिली. हा माणूस आपल्याला हवाय, तिला लख्ख कळलं. शेवटी साहेबांनी येऊन त्याला आत सोडलं.

तिनं बोटं टेकवली. हिरवा दिवा! त्याचं बोट मात्र ठसे पुढे पाठवायच्या बटणावरच थबकलं.

"दाबा ना…"

"दाबतोय. खरं सांगू? क्षणभर वाटलं, नाही उमटले म्हणून सांगावं." त्यानं मान खाली घातली. "पण मग ती मुलं आठवली." आणि त्यानं बटण दाबलं.

"एवढंच बोलायचंय?"

"आवडता तुम्ही मला. खूप. पण अडवायचं नाहीये तुम्हाला."

"अडवतंय कोण? दोन वर्षांचा करार आहे. थांबशील?"

त्या 'थांबशील'नं तो दचकलाच. "थांबेन. म्हणजे… थांबेनच!"

"मग रविवारी घरी ये. आई-बाबांसमोर बस, आणि आत्ता बोललास ते सगळं नीट सांग."

मागे रांगेतले आजोबा केव्हाचे खाकरत होते. "झालं का रे बाळांनो?"

"हो आजोबा," बिट्टी डोळे पुसत हसली. "आत्ताच झालं."