गुलाबाच्या वासाचं पाकीट

अमरावतीत तेव्हा एक रीत होती. बाईनं औषधांच्या दुकानात जायचं, मागेपुढे पाहायचं आणि हळूच "ते द्या" म्हणायचं. दुकानदारानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत "ते" वर्तमानपत्रात गुंडाळायचं, सुतळी बांधायची आणि पुढे सरकवायचं. एकमेकांकडे कोणी पाहायचं नाही. जवाहर गेटजवळचे बापूसाहेब या कामात इतके मुरलेले, की रस्त्यात भेटले असते तर त्यांनी मला ओळखलंही नसतं.

त्या संध्याकाळी मी शाळेतूनच, हजेरीपट बगलेत घेऊन दुकानात गेले, तर बापूसाहेबांच्या जागी एक तरुण उभा! बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल — आणि नजर सरळ माझ्याकडे.

"ते द्या," मी म्हणाले.

"ते म्हणजे?"

माझ्या कानशिलांना चटके बसले. मी काचेच्या कपाटाकडे नुसतं बोट केलं. मुंबईहून नवं पाकीट आलं होतं. गुलाबी कागद, वर गुलाबाचं चित्र, आणि आतल्या कापसाच्या घड्यांना अत्तरासारखा वास. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचे; तिथं सगळ्या शिक्षिकांच्या तोंडी तेच होतं. दर महिन्याला घरची जुनी फडकी लपवून धुवायची, लपवून वाळवायची, त्यापेक्षा हे किती छान!

"हे नका घेऊ," तो म्हणाला.

"का? विकायला नाही ठेवलं?"

"काकांनी ठेवलं. मी विकत नाही. यातलं अत्तर कातडीला झोंबतं. कापूस असा पांढराफेक करायला काय मारलं, ते पाकिटावर कुठं लिहिलंच नाही. परवा दोघीजणी येऊन गेल्या. भाजल्यासारखं पुरळ उठलं होतं त्यांना. त्यापेक्षा मऊ सुती फडकं बरं. उकळायचं अन् उन्हात वाळवायचं."

"उन्हात?" मी जवळजवळ किंचाळलेच. "म्हणजे साऱ्या गल्लीला दिसेल!"

"दिसू द्या ना. अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली वाळवलं की ओलं राहते. त्यानंच आजार होते."

"तुम्ही पुरुष असून हे असलं..."

"मी फार्मसी शिकलो, नागपूरले."

"आणि लाज?"

"ती तुमच्याकडे भरपूर दिसून राहिली, मास्तरीणबाई. दोघंही लाजलो, तर सांगायचं कोणी?"

मी रिकाम्या हातानं घरी आले. डोकं नुसतं तापलं होतं. जेवताना मात्र लक्षात आलं, की हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते... आणि मग तर फारच राग आला.

त्याचं नाव हरिहर. बापूसाहेबांचा पुतण्या. ही माहिती काढायला मला ग्लिसरीनची एक बाटली घ्यावी लागली. मग पट्टीचं बंडल. मग खोकल्याचं औषध.

"खोकला तर दिसत नाही," तो म्हणाला.

मी खोकून दाखवलं.

"हा घशातला नाही... जरा खालचा वाटते."

"त्याला औषध आहे?"

"आहे ना. पण रोज येऊन घ्यावं लागते."

मी गेले रोज. शाळा सुटली की माझी पावलं आपोआप जवाहर गेटकडे वळत. पौष जवळ आला होता, रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि माझ्या केसांत रुईचे तंतू अडकत. एकदा त्यानं नुसत्या बोटानं दाखवलं — इथं... नाही, जरा वर... हां. हात लावला नाही. पण मला तो लागला.

आणि मग मला कुंदा दिसली.

माझं नाव अनसूया. म्हणजे जिच्या मनात असूया नाही, ती. बारशाच्या दिवशी कोणी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नसावं. कुंदा आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. अकोल्याची. सायकलवर यायची, मनगटावर घड्याळ बांधायची आणि हसली की व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू यायची. ती त्याच्या दुकानात फळीवर कोपर टेकवून उभी होती, तो तिच्या कानाशी काही कुजबुजत होता. तिनं निघताना त्याच्याकडून चांगला उशीएवढा गठ्ठा घेतला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सुतळी बांधलेला!

मला एक पाकीट मिळत नाही आणि हिला गठ्ठा! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी कुंदाशी बोलणं सोडलं. तिनं विचारलं, "काय झालं गं?" मी मान फिरवली. लोक मत्सराला वाईट म्हणतात. म्हणोत बापडे. मला तर ती सगळ्यात प्रामाणिक भावना वाटते. कोण आपल्याला हवंय, हे तिच्याइतकं चोख कोणी सांगत नाही. मला हरिहर हवा होता. तिला मिळाला असता तर मला जगात काहीच गोड लागलं नसतं.

शेवटी मी त्यालाच गाठलं.

"कुंदाबाईंना गठ्ठेच्या गठ्ठे देता म्हणे!"

तो गडबडला. कानामागची पेन्सिल खाली पडली. "ते... ते वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे?"

"सांगता येत नाही. त्यांनी मना केलं."

"अस्सं! दोघांचं गुपित!"

"तुम्हाले राग आला?"

"मला? मी कोण रागावणारी?"

"तेच विचारून राहिलो मी," तो हळूच म्हणाला. "तुम्ही कोण... माझ्या?"

उत्तर जिभेवर होतं. पण समोरून कुंदाची सायकल येताना दिसली आणि मी तोंड फिरवून चालू लागले.

नाताळच्या सुट्टीत मी अकोल्याला गोदामावशीकडे गेले. उतरल्या उतरल्या पहिलं काम केलं ते म्हणजे बाजारातून तेच गुलाबी पाकीट विकत घेतलं. तो कोण मला नाही म्हणणारा? कुंदाच्या गठ्ठ्यात हेच असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तिला चालतं, ते मला का चालू नये?

चारच दिवसांत मी बाहेर बसले. मावशीच्या घरी सोवळं कडक. अंगणाकडची खोली, एक घोंगडी, वेगळा तांब्या, आणि कोणी शिवायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून अशी आग सुरू झाली की बसवेना आणि चालवेना. खोलीभर गुलाबाचा घमघमाट, आणि मी ओठ आवळून भिंतीला टेकलेली.

"काहून वं, अशी वाकून काहून चालून राहिली?" मावशी लांबूनच विचारी.

"काही नाही गं मावशी."

दुपारी कुंदा आली. तिचं घर जवळच होतं. हातात तिळाच्या वड्या, चेहऱ्यावर समेटाचं हसू. मी भिंतीकडे तोंड केलं. पण तिनं नाक वर करून वास घेतला.

"गुलाब? अनसूया, वेडी आहेस का? हे वापरलंस? हरिहररावांनी नको म्हटलं होतं ना?"

"त्यांचं नाव माझ्यासमोर घेऊ नकोस. गठ्ठे तुला आणि उपदेश मला!"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग तरातरा निघून गेली. थोड्या वेळानं दारात टांगा थांबला. आधी कुंदा उतरली, आणि तिच्यामागून... हरिहर! अमरावतीचा माणूस अकोल्यात, तोही तिच्याबरोबर! दुखणं विसरून मी ताडकन उठले आणि कळवळून खाली बसले.

"हा कोन?" मावशी कडाडली. "पोट्टी बाहेर बसली हाय, अन् तू मानसाले घेऊन आली?"

"औषध आणलंय त्यांनी, मावशी. तिला बरं नाही," कुंदा म्हणाली.

हरिहर अंगणात डाळिंबाच्या झाडापाशी थांबला. मी दार अर्धं लोटलं.

"मास्तरीणबाई, लय आग होते का?"

"होते. तुम्हा दोघांना एका टांग्यात पाहून जास्त होते!"

रागावले की माझ्या तोंडाला फाटक राहत नाही. कुंदा फिसकन हसली. तो हसला नाही.

"मी कापड घ्यायला अकोल्याले आलो, कुंदाबाईंना ठाऊक होतं," तो म्हणाला. "मऊ सुती. रंग नाही, वास नाही. ते उकळून, उन्हात वाळवून त्याचे गठ्ठे बांधतो. कुंदाबाई शाळेतल्या मोठ्या मुलींना देतात अन् नीट समजावून सांगतात. मी सांगितलं तर कोण ऐकणार? तुम्ही तरी कुठं ऐकलं?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मोठ्या बाईंना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती," कुंदा म्हणाली. "तरी तुला सांगणार होते. तू बोलत होतीस का माझ्याशी?"

हरिहर दोन पावलं पुढे आला.

"पण त्या घड्या सरकतात. कोणीतरी शिवून द्यायला पाहिजे. कुंदाबाई म्हणे, आमच्या शाळेत शिवणाच्या एक बाई आहेत, पण भयंकर चिडक्या. मी म्हटलं... मले त्याच पाहिजेत."

"शिवायला?"

"शिवण नंतर," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. लाज त्याच्याकडेही होती म्हणायची.

त्यानं खिशातून मलमाची डबी काढली आणि बगलेतलं पुडकं हातात घेतलं. "ते पाकीट फेकून द्या. कोमट पाण्यानं धुवा, साबण नको. हे बिनवासाचं मलम फक्त बाहेरून लावा. अन् हे कापड वापरा. दोन दिवसांत आग थांबली नाही, तर डॉक्टरीणबाईंना दाखवायचंच."

"उंबऱ्यावर ठेव रे!" मावशी ओरडली. "तिच्या हाती नको देऊ. शिवशीन तं आंघोळ करा लागन!"

तो उंबऱ्याशी आला. वाकला... आणि थांबला. मग सरळ उभा राहून त्यानं पुडकं माझ्यापुढे धरलं. वयात आल्यापासून त्या दिवसांत मला सगळं जमिनीवरूनच मिळत आलं होतं — ताट, पाणी, अगदी सुईदोरासुद्धा. त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. आज डोळे भरून आले.

"घ्या ना," तो म्हणाला.

मी हात पुढे केला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि मागे घ्यायची त्याला काही घाई नव्हती.

"शिवला! देवा रे, शिवला!"

"करतो ना आंघोळ, मावशी. विहीर कुठं आहे?"

भर डिसेंबरात त्यानं विहिरीवर बादली डोक्यावर उपडी केली. सदरा खुंटीला, अंगात बनियन-पायजमा, दात कडकड वाजताहेत. मी दारातून सगळं पाहत होते, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात कुंदानं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि ती त्याच्याकडे निघाली.

"कुंदा! तो टॉवेल ठेव."

"अगं, गारठलाय तो!"

"गारठू दे. त्याले मी देते." मी माझा पंचा घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले.

हरिहर थरथरत म्हणाला, "तुमचा घेतला तर पुन्हा आंघोळ करावी लागेल."

"करा मग."

"अन् मग पुसायले?"

"पुन्हा माझाच."

"म्हणजे... हे संपणारच नाही?"

"नाही संपणार," मी म्हणाले. "चालत असेल तर घ्या."

"अवं दे वं लवकर!" मावशी कावली. "मरन ना ते पोट्टं थंडीनं!"

तो आला. माझ्या हातून पंचा घेतला, डोकं पुसलं, तोंड पुसलं, तोच खांद्यावर टाकला, आणि विहिरीकडे काही परत गेला नाही. मावशीनं बोलायला तोंड उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि चहा टाकते म्हणून आत निघून गेली.

कुंदा मात्र कोरडा टॉवेल हातात धरून तिथंच उभी होती. तिचं हसणं थांबलं होतं. माझा संशय त्याच्या बाबतीत खोटा ठरला होता. तिच्या बाबतीत तो तितकासा खोटा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तिची दया यायला हवी होती. थोडीशी आलीही.

"कुंदा," मी म्हणाले, "उद्या ते कापड घेऊन ये. मिळून शिवू."

तिनं मान हलवली आणि टॉवेल दोरीवर टाकला.

"आणि हे बघ," मी म्हणाले, "एकटीच ये."