करमत नाही, याची गोळी

माझी उर्मिला नागपूरला डॉक्टरी शिकायला गेली, अन् पेशंट मिळायच्या आधी स्वतःचीच डॉक्टरीण होऊन बसली. डोकं दुखलं – गोळी. पोट जड झालं – गोळी. होस्टेलातल्या साऱ्याच पोरी तशा. चणेफुटाणे वाटावे तशा गोळ्या वाटून खायच्या.

त्र्याऐंशी सालच्या थंडीतली गोष्ट. शनिवारची आमच्या सौंसरची बस नागपूरहून सुटायची होती. उर्मिलेनं पर्समधून गोळी काढली अन् कोरडीच गिळली. शेजारून पाण्याची बाटली पुढं आली.

"घ्या. गळ्यात अडकून बसेल."

"तुम्हाले काय करायचं?"

"मी तुमच्याच कॉलेजात आहो, एक वर्ष पुढं. मुकुंद, रामाकोन्याचा." मग हळूच – "कोणी लिहून दिली?"

"मीच."

"डॉक्टर कशी आहे?"

"डॉक्टर चांगली आहे... पेशंट ऐकत नाही."

तो हसला. त्यानं खिशातून स्वतःचं गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. "माझा पेशंटही तसाच आहे."

मग दर शनिवारी खिडकीची जागा तिच्यासाठी धरलेली असे. वाटेतलं लोधीखेडा येईपर्यंत दोघं एकमेकांचे रोग काढत बसत. वर्गात जो रोग शिकवला, तो त्या आठवड्यात यांना झालेला. हे सारं तिनंच मला हसत हसत सांगितलं. एक गोष्ट मात्र ती हसून सांगू शकली नाही – झोपेची गोळी. अंधार पडला की खोली खायला उठते म्हणे. "रोज घेतो, आई. मीबी, अन् तोबी."

तिचे बाबा गेल्यावर आम्ही दोघी होतो. ती गेल्यावर मी एकटी. ते मी कोणाला बोलून दाखवत नाही. एवढंच म्हटलं, "आण त्याले घरी."

पुढच्या शनिवारी मुकुंद सौंसरलाच उतरला.

"काहून रे, तुयं गाव तर पुढं आहे."

"माहीत आहे, काकू. पाय ऐकून नाही राहिले."

"मग घे एक गोळी."

उर्मिलेनं ओढणीत तोंड लपवलं.

जेवण झालं. अंगणात ऊन होतं, संत्र्याच्या सालीचा वास होता. मी संत्रं सोलता सोलता म्हटलं, "दोन डॉक्टर बसले आहेत घरात. मले झोप येत नाही. द्या मलेबी तुमची ती गोळी."

दोघांचेही हात सवयीनं पाकिटाकडं गेले... अन् थांबले.

"तुले नाही," उर्मिला म्हणाली.

"तुम्ही खाता, मले काहून नाही?"

"सवय लागते, आई. मग सुटत नाही." आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

मुकुंदनं विचारलं, "नेमकं काय होते, काकू?"

"काय होईल? करमत नाही." तोंडून गेलंच.

तो हातातल्या फोडीकडं पाहत राहिला. "मलेबी तेच आहे," तो म्हणाला – मला नाही, उर्मिलेला. "होस्टेलात करमत नाही. घरी गेलो तरी करमत नाही. ती शनिवारची बस तेवढी..."

"अन् औषध कोणी लिहून दिलं?" उर्मिलेनं विचारलं.

"अजून कोणी नाही. तुम्ही देता लिहून?"

तिचे कान लाल झाले. तिनं तळवा पुढं केला. "आधी ते पाकीट द्या इकडं."

त्यानं दिलं, अन् तिचं मागून घेतलं. "एकदम सुटणार नाही. हळूहळू कमी करू. लागली, तर माझ्याकडं मागायची."

"किती दिवस मागायची?"

"केस जुनी आहे... जन्म जाईल."

लोक लग्नात हार बदलतात. माझ्या अंगणात गोळ्यांची पाकिटं बदलली. मी पाहिलं न पाहिलंसं केलं अन् चहा ठेवायला आत गेले. चुलीच्या धुरात डोळे पुसले तर कोणी विचारत नाही.

संध्याकाळी मुकुंद आपल्या गावी गेला. रविवारी मी उर्मिलेला सोडायला गेले; रामाकोन्याकडून नागपूरची बस आली, तेव्हा तो खिडकीची जागा धरून बसलेलाच होता. उर्मिला चढली. तो वाकून म्हणाला, "काकू, तुमचं औषध राहिलंच."

"मले गोळी नको."

"गोळी नाही. शनिवारी आम्ही दोघं येऊन राहिलो."

"या. जेवाले वेळेवर या. मी थांबत नसते कोणासाठी."

बस गेली. घरी येऊन माझं एक ताट काढलं. मग उगीच आणखी दोन काढली, घासली, पुसली अन् माझ्या ताटाशेजारी पालथी घातली.

शनिवार अजून लांब आहे. करमून नाही राहिलं.