केंजळेई

मृदुला खांबेटे हट्टी. इक्वाडोरच्या राजधानीत, कीटोच्या प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, साताऱ्यात तर त्याच्याही आधीपासून. त्यामुळे सांधणीयंत्राने नको ते उत्तर दिलं, तेव्हा तिने नमुना पुन्हा आत घातला. यंत्रही तिच्याइतकंच हट्टी निघालं.

नमुना एका मेफ्लायचा होता. या किड्याला मराठीत धड नाव नाही, म्हणून साताऱ्याच्या तिच्या केंजळे सरांनी वर्गात त्याचं नाव 'एकदिनी' ठेवलं होतं. एकदिनीची पोरं वर्ष-दोन वर्षं पाण्यात वाढतात. पंख फुटले की खायला तोंडसुद्धा उरत नाही. अंडी घालायची, की खेळ खलास. इक्वाडोरमधल्या सिसायाकु नदीच्या वरच्या धबधब्यावर मृदुलाला एक पंखवाली सापडली, जगात दुसरीकडे कुठेच नसलेली. तिचं वर्णन लिहून मृदुलाने सरांच्या आडनावावरून तिला नाव दिलं केंजळेई. सरांनी अख्ख्या सोसायटीत कंदी पेढे वाटले होते.

खालच्या घळीत मिळालेल्या एका पोराचं वर्णन त्याआधीच तिचा सहकारी सेगुंदो तितुआन्या याने केलं होतं. त्याने नदीचंच नाव दिलं, सिसायाकुएन्सिस. दोन्ही नमुने फॉर्मलिनमध्ये, आणि फॉर्मलिन जनुकांचा पार चुरा करून टाकतं. फाटलेली चिठ्ठी जुळवून वाचावी तसा तो चुरा वाचणारं सांधणीयंत्र यंदाच आलं होतं.

"दोन जाती नाहीतच," सेगुंदो म्हणाला. "माझं पोर मोठं झालं की तुझी पंखवाली होते."

"आणि नाव आधीचं टिकतं. म्हणजे तुझं."

नावाचं दुःख होतंच, पण नदीची काळजी मोठी. जी जात फक्त एकाच नदीत जगते, तिला तिच्या जगण्यापुरता एक पट्टा राखून ठेवायचा, असा तिथला नदीकायदा. दोन जाती म्हणून वर एक पट्टा आणि खाली एक. दोहोंच्या मधे धरण व्हायचं होतं. आता जात एकच म्हटल्यावर केंजळेईच्या नावाचा वरचा पट्टा जाणार, धरणाची भिंत उंचावणार आणि धबधबा बुडणार.

सेगुंदोने हळूच सुचवलं की यंत्राचा निकाल कुणी मागितलेला नाही, धरणाची सुनावणी होऊन जाऊ दे. मृदुला भडकलीच.

"सरांच्या नावावर खोटी जात चालवू? वर्गाबाहेर काढतील मला, या वयात."

सुनावणीत तिने सगळं सांगून टाकलं. धरणाच्या वकिलाला हसू आवरेना. जात एकच ना, हे त्याने तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि वरचा पट्टा रद्द करा म्हणाला. मृदुलाचा चेहरा पडला. न्यायाधीशबाई मात्र नकाशाकडे बघत राहिल्या.

"डॉक्टर, पोर खाली राहतं आणि पंखवाली वर. मग ती वर पोचते कशी?"

"नदीवरूनच उडत जाते. अंडी वर घालते, आणि पोरं वाढता वाढता वाहत खाली..."

मृदुला मधेच थांबली. पहिल्या वर्षाला शिकवतात ही गोष्ट. पण काळजीने तिची मती गुंग झाली होती, नाहीतर काखेत कळसा आणि गावाला वळसा असं झालंच नसतं.

"म्हणजे हिच्या जगण्याला अख्खी नदी लागते," बाई म्हणाल्या. "पट्टा एकच. धबधब्यापासून घळीपर्यंत."

भिंतीची जागा त्याच पट्ट्यात होती. वकिलाचं हसू कुठल्या कुठे गेलं. सेगुंदो तर भर कोर्टात रडला.

मृदुलाने साताऱ्याला फोन लावला. केंजळेई हे नाव आता बाद झालं, हे तिने सरांना आधी सांगितलं, नदीचं मागाहून.

"चूक पकडली कुणी?"

"मीच, सर."

फोन कानाला तसाच ठेवून सरांनी सुनेला हाक मारली आणि कंदी पेढे मागवायला सांगितले, मागच्यापेक्षा जास्त. कशाचे म्हणून सांगू, असं तिने आतून विचारलं.

"सांग, माझ्या विद्यार्थिनीने माझं नाव खोडलं."