आत गेलेलं कार्ड

मालिनी नाशिक रोडच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी तिच्यापुढे सांगायच्या फंदात कुणी पडत नसे. घरातलं धर्मखातं नवऱ्याकडे. शामसुंदर पंचवटीतला तीर्थपुरोहित. सकाळभर रामकुंडावर लोकांचे विधी करायचा आणि दुपारी घरी येऊन बातम्या बघत आमटीभात जेवायचा. दोघं एकमेकांच्या कामात नाक खुपसत नसत, म्हणून संसार बरा चालला होता.

दोन हजार सातच्या थंडीत त्यांचा एकुलता एक मुलगा मयूरेश दिल्लीत नाहीसा झाला. खोली शाहदऱ्याला, नोकरी कनॉट प्लेसला. यमुनेच्या पुलावर त्याची बॅग सापडली, तो नाही. पोलिस म्हणाले, नदीत गेला असणार. मालिनी म्हणाली, "असणार म्हणजे काय? उत्तर आलेलं नसताना खाली दोन रेघा मारायच्या नसतात."

बॅगेत डबा होता, छत्री होती आणि मेट्रोचं निळं कार्ड होतं. त्या कार्डाचं मयूरेशला भारी कौतुक. पैसे आधीच भरून ठेवायचे, आत जाताना गेटवर टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. मधे लाल लाइन सोडून पिवळी पकडली तरी कार्ड तेच. "आई, एका कार्डावर अख्खी दिल्ली," असं तो फोनवर म्हणाला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मालिनी मंगला एक्स्प्रेसने एकटीच दिल्लीला गेली. शाहदरा स्टेशनवर तिने ते कार्ड गेटला टेकवलं. गेट उघडलं नाही.

बाजूला चौकशीची खिडकी होती, गेटच्या बाहेरच्या अंगाला. खिडकीतल्या माणसाच्या छातीवर 'यादव' अशी पट्टी. त्याने कार्ड यंत्रावर ठेवलं.

"मॅडम, ये तो अंदर है."

"म्हणजे?"

"सुबह एंट्री हुई है, यहीं से. बाहर निकला नहीं."

"सकाळी हे माझ्या पर्समध्ये होतं," मालिनी म्हणाली. "गाडीत. आग्र्याच्या अलीकडे."

यादवने खांदे उडवले, बटण दाबून नोंद पुसली आणि कार्ड परत दिलं. मशिनची चूक, दुसरं काय, असं मालिनीला वाटलं. शिक्षिकेला एका उत्तरावर समाधान नसतं, म्हणून तिने पडताळा घ्यायचा ठरवला. मयूरेशचं कार्ड स्टीलच्या डबीत बंद केलं आणि स्वतःच्या फिरण्यासाठी दुसरं विकत घेतलं. तसंच निळं.

दुसऱ्या दिवशी डबी उघडून तिने कार्ड यादवपुढे सरकवलं. पुन्हा सकाळची एंट्री. पुसलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिला येताना बघून यादवने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"रोज जाता है," तो हळू आवाजात म्हणाला. "निकलता नहीं."

मालिनीला रडू आलं, पण आनंदाने. जातो ना? मग आहे. ती यादवला म्हणाली, "भाऊ, मी राहते आत त्याच्या जागी. त्याला तेवढं बाहेर पाठवा." यादव हसला नाही.

घरी येऊन तिने सगळं शामसुंदरला सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं.

"मालू, रोज आत जातो आणि बाहेर येत नाही, यात तुला आशा कुठे दिसते गं? अडकलाय तो. मला त्याला मोकळं करू दे."

देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात. शामसुंदरने परक्यांच्या मुलांसाठी हे कितीदा केलं होतं. आणि तो माणूस चुकून परत आलाच, तर त्याला नुकतं जन्मलेलं बाळ समजून न्हाऊ घालायचं, नाव पुन्हा ठेवायचं, असंही शास्त्रात आहे. मालिनीने तेवढंच धरून ठेवलं. लेक बाहेर तर यायला हवा, मग तो कसाही येवो. ती हो म्हणाली.

विधीच्या सकाळी ती घाटावर गेली नाही. पुतळ्याच्या छातीवर मुलाची रोजची वस्तू ठेवायची असं शामसुंदरने ठरवलं होतं. "कपाटातलं कार्ड घे," ती आतल्या खोलीतून म्हणाली. तो परत आला तेव्हा त्याच्या धोतराला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. ते धोतर तिने तीनदा धुतलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा दिल्लीला गेली. मयूरेशच्या खोलीतलं उरलेलं सामान आणायचं होतं. शाहदरा स्टेशनशी रिक्षातून उतरून ती यादवच्या खिडकीशी गेली आणि पैसे भरायला आपलं कार्ड पुढे केलं.

यादवने पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"निकल गया, मॅडम. आपका बेटा निकल गया."

"हे त्याचं नाही. त्याचं आम्ही जाळलं. हे माझं आहे."

"नंबर मुझे याद है," यादव म्हणाला. "ये उसीका है."

मालिनीने कपाट आठवलं. डबी वरच्या खणात, तिचं कार्ड खालच्या. शामसुंदरचा हात वरपर्यंत कधी जातच नाही, खांदा दुखतो. निघताना कपाटात एकच कार्ड उरलं होतं, म्हणून डबीतलं असूनही तिने ते आपलंच समजून पर्समध्ये टाकलं होतं.

म्हणजे पुतळ्यावर तिचं कार्ड होतं.

फोन वाजला. शामसुंदर होता.

"मालू, मयूरेश आलाय. दारात उभा आहे. पार भिजलाय गं, पण आपलाच आहे. मी पाणी तापत ठेवलंय."

ती रडली, हसली, पदराने तोंड पुसलं. पहिली गाडी पकडायला हवी होती. ती बाहेरच्या जिन्याकडे वळली.

समोर गेट होतं. बंद.

ती तर आत गेलीच नव्हती. पण यादवची खिडकी आता गेटच्या पलीकडे होती, जिनाही पलीकडे, आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते. फोनही नव्हता, तरी शामसुंदरचा आवाज अजून ऐकू येत होता.

"आई कुठे आहे, म्हणून विचारतोय."

"भाऊ," तिने हाक मारली.

यादवने खिडकीतलं बेवारस निळं कार्ड उचलून बाजूला ठेवलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.