अकरा नंबरचा फ्यूज

आज संध्याकाळी साडेसहाला पांढरी गाडी बाहेर गेली, तेव्हा गेटवर तू होतास. गाडीत नवे सुपरवायझर. खिसे पाहिलेस? नाही. का? तर म्हणे, "काका, ते साहेब आहेत."

बस. शिव्या देत नाही. डबे खाऊन झालेत, थर्मासमध्ये चहा आहे, आणि पाळी सुटायला अजून सात तास आहेत. एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्या टेस्टरची. आणि चष्मेवाल्या, तू गालातल्या गालात हसू नकोस. तुझा भुताखेतांवर विश्वास नाही हे मला ठाऊक आहे. टेस्टरचाही नव्हता. म्हणून तर सांगतोय.

टेस्टर म्हणजे आपला वायरमन. हे नाव पडलं ते स्वभावावरून. कोणी काही सांगितलं की हा विचारणार, "टेस्टर लावून पाहिलात का?" कँटीनमधली भाजी खारट झालीय म्हटलं, तरी आधी स्वतः चाखणार आणि मग तोंड वाकडं करणार. त्याला काम शिकवलं त्याच्या ताईच्या नवऱ्यानं. तेही इथलेच वायरमन. हा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळा कारखाना दाजी म्हणायला लागला. मॅनेजरसुद्धा.

दाजींची एक शिस्त होती. ज्या लाइनवर काम करायचं, तिचा फ्यूज आधी बोर्डातून उपसायचा आणि आपल्या शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचा. चिनी मातीचा पांढरा तुकडा असतो बघ, साबणाच्या लहान वडीएवढा, तो. बोर्डावर ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. "आपला जीव आपल्या खिशात," म्हणायचे. फ्यूजची अदलाबदल होऊ नये म्हणून ताईच्या नेलपॉलिशनं प्रत्येकावर लाल आकडा घातलेला, आणि बोर्डात त्याच्या जागेवरही तोच आकडा. पोरं चिडवायची, "दाजी, फ्यूजला नटवून दाखवायला नेताय का?" दाजी हसायचे, पण आकडा घालायचेच.

गेल्या डिसेंबरात, एका शुक्रवारी, रात्री एकच्या सुमाराला, हे दाजी गेले. तीन नंबर हॉलमध्ये, जिथं खोक्यांना डिंक लावायचं मशीन आहे, तिथं शिडीवर चढून ट्यूबचं काम करत होते. करंट बसला. हॉलमधली माणसं चहाला गेलेली. फक्त सुपरवायझर तिथं होता. नवे नव्हे रे, त्यांच्या आधीचा.

त्यानं रिपोर्ट लिहिला: फ्यूज न काढता काम केले, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. लिहून झालं, पहाटे तीनला मोटारसायकलवर बसून घरी गेला. गेटवर मी होतो. मी दांडा वर केला आणि सलाम ठोकला.

टेस्टर सकाळी धावत आला. त्या लाइनच्या, म्हणजे अकरा नंबरच्या जागेवर फ्यूज बसवलेला होता, हे खरं. पण त्यावर लाल आकडा नव्हता. सुपरवायझर म्हणाला, घासून गेला असेल. बाकी तेवीस फ्यूजवरचे आकडे ठणठणीत आणि एका अकराचाच घासून गेला! आणि आकड्याचा फ्यूज? दाजींच्या खिशात नाही, जमिनीवर नाही, कुठंच नाही.

ताईला त्यांच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या. चष्मा, कंगवा, पक्कड. तिनं पिशवी दोनदा उलटी करून झटकली. म्हणाली, "यात फ्यूज नाही." मग तिला रिपोर्ट वाचून दाखवला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "घरचा बल्ब बदलतानाही हे फ्यूज खिशात ठेवायचे. वीस वर्षं बघतेय मी. गेले ते गेले. पण विसरले असं लिहू नका. तेवढं एक वाक्य खोडा."

एक वाक्य! दुसरं काही मागितलं नाही तिनं. दोन महिने ती ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती आणि दोन महिने तिला उद्या या, परवा या.

आणि इकडं पंधरा दिवसांत दाजींचं भूत झालं. तीन नंबरमध्ये रात्री उजेड दिसतो. शिडी सरकते. जो तो दुसऱ्यानं पाहिलं असं सांगायचा. मी रोज रात्री दोन फेऱ्या मारत होतो, मला तिथं साधा उंदीर दिसला नाही. आणि ही बातमी पसरवण्यात सगळ्यात पुढं कोण? सुपरवायझर. "स्वतःच्या चुकीनं गेला ना, आत्मा अडकलाय बिचारा." बिचारा म्हणे! माझी आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

टेस्टर इथंच, या बाकावर बसून म्हणाला होता, "काका, माणसाचं भूत झालं की तो मेला कसा, हे कोणी विचारत नाही. सगळे नुसते घाबरतात. किती सोयीचं आहे."

फेब्रुवारीत हुकूम आला. तीन नंबरचा जुना बोर्ड उखडून भंगारात टाका. तिथं माणसं जायला भितात, सगळं नवं करू. आणि काम दिलं कोणाला, तर टेस्टरला. दिवसा शेजारचं मशीन बंद ठेवता येत नाही, म्हणून रात्री.

गुरुवार, एकोणीस फेब्रुवारी. रात्रीचे अकरा चाळीस. टेस्टर गेटवर आला. मी खिसे तपासले, या हातांनी. उजव्यात रुमाल. डावा रिकामा. पिशवीत पक्कड, टेस्टर, टेप, टॉर्च. सगळं रजिस्टरात लिहिलं, त्याची सही घेतली. तो म्हणाला, "बोर्ड काढायच्या आधी मागचं-खालचं सगळं चाळून बघतो. तो फ्यूज तिथंच कुठंतरी असणार. उद्या काही राहायचं नाही."

इथून पुढचं त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

हॉलचं कुलूप काढलं. आत वाळलेल्या डिंकाचा वास. दार लावून आतून कडी घातली, कोणी चेष्टा करायला येऊ नये म्हणून. अर्धा तास बोर्डाच्या मागं, मशीनखाली, वायरींच्या पन्हाळीत हात घालून शोधलं. जाळी निघाली, दोन खिळे निघाले. फ्यूज नाही.

मग कामाला लागला. अकरा नंबरच्या जागेवरचा तो बिनआकड्याचा फ्यूज उपसला, डाव्या खिशात टाकला. शिडी लावली. दाजींनी उघडलेली ट्यूब तशीच लोंबत होती. वर चढून वायरीला टेस्टर लावला. काही नाही. लाइन मेलेली. पक्कड पुढं केली, आणि दाजींनी लावलेल्या सवयीनं पुन्हा एकदा टेस्टर लावला.

आतला तो तांदळाएवढा बल्ब पेटला. लाल.

हात मागं घेतला. खाली उतरला. बोर्ड पाहिला. अकराची जागा रिकामी. फ्यूज खिशात. मग त्यानं डोकं चालवलं. शेजारच्या वायरीतून कधी कधी थोडा करंट चढतो, त्यात नवल नाही. कारण सापडलं, बरं वाटलं. पुन्हा वर चढला. टेस्टर लावला. काही नाही.

खट्.

फ्यूज जागेवर बसताना होतो, तो आवाज. वायरमन झोपेतही ओळखेल.

टॉर्च फिरवली. बोर्ड. जागा रिकामी. दाराला कडी तशीच.

टेस्टर लावला.

लाल.

खट्... काढल्याचा आवाज.

विझला.

"कोण आहे रे तिकडं!"

हे मी गेटवर ऐकलं. भ्यालेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. भडकलेल्या माणसाचा होता. "या की समोर! एकाला मारलंत, पोट भरलं नाही?"



शिडीवर उभा. टॉर्च हातात. समोर कोणी नाही... आणि मग जन्मात ज्यानं मानलं नाही, तो म्हणाला, "दाजी... तुम्ही असाल तर मला भिववू नका. भ्यालेली माणसं इथं पुष्कळ आहेत. मला पुरावा द्या."

काही नाही.



मग डाव्या छातीला गार लागलं.

गार. ओलं.

खिसा... जड झाला.

त्यानं खिशात हात घातला नाही. खाली बघितलंसुद्धा नाही. पिशवी तिथंच टाकली, कडी काढली, आणि सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. एक वाजून दहा मिनिटं.

"काका, माझा खिसा तपासा."

मी हात घातला. दोन फ्यूज. एक कोरडा, बिनआकड्याचा. दुसऱ्यातून पाणी निथळत होतं. हिरवं शेवाळ धरलेलं. मी अंगठ्यानं पुसलं. खाली लाल नेलपॉलिश.

अकरा.

मी तो फ्यूज या टेबलावर, उघड्या रजिस्टरावर ठेवला आणि लिहिलं: बाहेर जाताना, फ्यूज दोन, त्यातला एक ओला. 

चहा पाजला त्याला. म्हटलं, "हे बघ, उद्या ऑफिसात सांग, बोर्डामागं सापडला. कोण विचारतंय? ताईचं काम होईल." तो माझ्यावरच उखडला. "खोटं लिहूनच तर दाजींना दुसऱ्यांदा मारलं, काका. आता मीही खोटं सांगू?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत चौघं. मॅनेजर, सुपरवायझर, टेस्टर आणि रजिस्टर घेऊन मी. फ्यूज पुसून, वाळवून टेबलावर ठेवलेला. मॅनेजरनं विचारलं, "कुठं मिळाला?"

"माझ्या खिशात."

"खिशात कसा आला?"

"मला माहीत नाही. आत जाताना खिसा रिकामा होता, बाहेर येताना हा होता. रजिस्टरात लिहिलंय."

मॅनेजर हसला. "म्हणजे भुतानं आणून दिला? तू? तूसुद्धा?"

टेस्टर उठून उभा राहिला. "भूत मी म्हटलं नाही. भूत भूत दोन महिने तुम्ही करताय. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणतोय. तुमच्यापैकी कोणी एकदा तरी तेवढं म्हटलं होतं का? दाजी फ्यूज काढायला विसरले, हे तुम्हाला कसं माहीत होतं? कोणी टेस्टर लावला होता?"

मॅनेजरचं हसू गेलं.  आणि सुपरवायझर, जो तोवर एक अक्षर बोलला नव्हता, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ओला होता का?"

 पाण्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. रजिस्टर माझ्या काखेत होतं, मिटलेलं.

मी म्हटलं, "होता."

 मग सुपरवायझरच्या तोंडून तुटक तुटक बाहेर आलं. गाडी भरायची घाई... मशीन बंद... अकराची जागा रिकामी दिसली. कोणी काढला, का काढला, विचारलं नाही. कपाटातला दुसरा काढला, बसवला. वर मान करून पाहिलं नाही. नंतर नाडी बघायच्या निमित्तानं दाजींच्या खिशातला काढून घेतला. पहाटे घरी जाताना कालव्याचा पूल लागतो. तिथून खाली...

वाक्य खोडलं गेलं. ताईनं नवा रिपोर्ट तीनदा वाचून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. फ्यूज तिच्याकडेच आहे. सुपरवायझरनं आजारपणाचं कारण दिलं आणि राजीनामा देऊन गेला. दुसरीकडं कुठं असेल. तिथंही साहेबच असेल.

आता विचार, चष्मेवाल्या. तुझ्या ओठांवर आलंय ते. कालव्यातनं कोणी काढला असेल, कोणी खिशात टाकला असेल... मीही टेस्टरला हेच विचारलं. तो आजही म्हणतो, मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर जाऊन सांग त्याला. आणि तू रे, गाडी सोडणाऱ्या, हात जोडू नकोस. भुताला हात जोडले की आपलं काम संपलं, असं वाटतं तुम्हाला.

माझं म्हणणं वेगळंच आहे. त्या पहाटे तीन वाजता तो फ्यूज या गेटातून बाहेर गेला. सुपरवायझरच्या खिशातून. माझ्या समोरून. मजुराचा रुमालसुद्धा झटकून बघणारा मी, त्याला सलाम ठोकून मोकळा झालो. साहेबांचे खिसे तपासायचे नसतात, हे कोणी कुठं लिहिलंय? कुठंही नाही. मी त्याच्या खिशात हात घातला असता, तर त्या बाईला दोन महिने पायऱ्या झिजवाव्या लागल्या नसत्या. आणि मेलेल्या माणसाला... जाऊ दे.

उद्यापासून गाडी पांढरी असो की काळी, खाली उतरवायचं आणि खिसे बघायचे. नोकरी गेली तर माझं नाव सांगा.

ते खालच्या खणातलं रजिस्टर काढ. तेच, निळ्या कापडाचं. एकोणीस फेब्रुवारी उघड. आज मे महिन्याची बावीस तारीख, बाहेर बघ काय उकाडा आहे. उन्हात ठेवून पाहिलं, इस्त्री फिरवून पाहिली. पुढचं पान कोरडं, मागचं कोरडं. मी फ्यूज ठेवला होता तिथं, तो डाग आहे ना, तिथं बोट लाव.

लाव, काही होत नाही.

...ओलं आहे ना?

शर्टाला पुसू नकोस. शेवाळाचा वास दोन दिवस जात नाही.