बियांच्या पुडीतलं चौथं पान

"थांब! पुडी फेकू नकोस!" कुंदुझ ओरडली.

"अगं, रिकामी आहे ती!" तिचा भाऊ बेकतूर म्हणाला.

"गाढवा, कागद बघ!"

शाळेला नवरोजची सुट्टी होती. दोघं भावंडं आणि शेजारचा ल्योन्या काराकोलच्या बाजारात सूर्यफुलाच्या बिया खात हिंडत होते. पुडीच्या कागदावर टाइप केलं होतं : 'शिक्षक जुमाबाय. वर्गात मुलांना बंदी असलेल्या जुन्या लिपीत नावं लिहायला शिकवतो. शेजाऱ्याने कळवले.' पान चौथं. खाली गुप्त खात्याचा शिक्का!

जुमाबाय म्हणजे आजोबांचे वडील. १९३८ साली त्यांना घरातून उचललं आणि 'पत्रव्यवहारास बंदी' एवढाच निरोप आला. चोपन्न वर्षं झाली त्याला. दर गुरुवारी घरोघरी मेलेल्यांसाठी तेलात बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळतात; तो वास त्यांना पोचतो असं मानतात. आजोबा तेव्हा घरातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं घेत, फक्त वडिलांचं नाही. "ते गेले असं कुणी सांगितलंय मला?" म्हणत.

खात्याची पाटी पाचदा बदलली, साहेब बदलले. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याची चुगली लिहून घेणं काही बदललं नाही. 'अशी फाइल नाही' म्हणून तिथल्या कारकुनाने आजोबांना तीनदा हाकललं होतं. आणि पानं इथं, बियांच्या पुड्यांना!

"तोच कारकून गठ्ठे देतो," बियावाली म्हणाली. "उरलेले आज जाळणार आहे."

कुंदुझच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी जाऊन मागते!"

"तुला देईल होय?" ल्योन्या म्हणाला. "त्यापेक्षा रद्दी मागू!"

दर वसंतात शाळेची मुलं दारोदार रद्दी गोळा करायची. जास्त रद्दी आणणाऱ्या वर्गाला बक्षीस मिळायचं. यंदा ती प्रथा बंद पडली होती, पण कारकुनाला कुठला पत्ता! तिघांनी शाळेच्या गणवेशाचे जुने लाल रुमाल गळ्यात बांधले आणि हातगाडी घेऊन खात्याच्या इमारतीच्या मागच्या दाराशी गेले.

"काका, रद्दी द्या ना! आमचा वर्ग मागे पडलाय!"

"न्या, न्या! माझी काडेपेटी वाचली!" कारकून खूश झाला. "पण वाचायचं नाही हं!"

"छे! आम्हाला कुठं वाचता येतंय!" बेकतूर म्हणाला. शेवटचा गठ्ठा तर कारकुनानेच गाडीत चढवला!

ल्योन्याच्या गोठ्यात तासभर शोधल्यावर फाइल सापडली. चौथं पान तेवढं गायब होतं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती : '५ नोव्हेंबर १९३८. गोळी घालून शिक्षा अमलात आणली.'

"यांना माहीत होतं!" कुंदुझने गाडीला लाथ मारली. तिला रडू आवरेना. "सगळी वर्षं माहीत होतं!"

आजोबांनी ते पान दोनदा वाचलं. मग तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास रे पोरांनो. मला जन्मभर जमलं नाही, ते तुम्ही केलंत. त्या गठ्ठ्यांत आणखी कुणाकुणाचे बाप असतील. उद्या घरोघर पोचवू. कुंदुझ, कढई ठेव."

"पण आज मंगळवार आहे!" बेकतूर म्हणाला.

"असू दे. आणि खिडक्या उघडा सगळ्या," आजोबा म्हणाले. "त्या इमारतीपर्यंत वास गेला पाहिजे."